तीनशे तीस म्हणे!

मी बोलतोय तो लोखंडाच्या पोटातून. आठ सिलिंडरचं इंजिन. जन्म मिशिगनचा, मुक्काम इंडियानात, वय पन्नाशी ओलांडलेलं. एवढी ओळख मी छातीठोकपणे देऊ शकतो. ताकद किती, असं मात्र विचारू नका. तो आकडा माझ्या डोक्यावर, एअर फिल्टरच्या झाकणाला चिकटवलेला आहे: तीनशे तीस अश्वशक्ती. जाणकार तो वाचतात आणि एकमेकांना डोळा मारतात. "तीनशे तीस म्हणे!"

मला हसू येत नाही. एखाद्याला लहानपणीचा सदरा घालून जन्मभर हिंडवलं, तर त्याला येईल का?

प्रत्येक खेपेतलं एक इंजिन कारखान्यात ताकद मोजायच्या यंत्राला जोडत असत. माझ्या खेपेतलं ते इंजिन मी होतो. खोलीत दोघे होते, एक तरुण इंजिनियर आणि त्याचा साहेब. मी फेऱ्या वाढवत गेलो, काटा चढत गेला आणि तो तरुण ओरडला, "साहेब, चारशेच्या वर गेलं की हो हे!"

"तिथवर नेलंस कशाला? खाली आण. मधल्या फेऱ्यांवर थांबव आणि तिथला आकडा घे."

"पण खरी ताकद वर आहे!"

"ताकद वर आहे, आणि विमेवाले खाली बसलेत. चारशे लिहिलं तर विम्याचा हप्ता असा चढवतील, की एकाही पोराला ही गाडी परवडायची नाही."

असा माझा आकडा ठरला. तो खोटा होता असं म्हणवत नाही. मधल्या फेऱ्यांवर मी खरोखरच तेवढा होतो. डोंगर चढणाऱ्याला अर्ध्या वाटेवर गाठावं आणि हीच त्याची उंची म्हणून नोंदवावं, तसं ते झालं. आणि वरचे चारशे तरी कुठे निखळ होते? त्या खोलीत माझ्या गळ्यात पंखा नव्हता, धुराला वाट मोकळी होती, मागे गाडीचं ओझं नव्हतं. तेव्हा मी नक्की किती, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय. दुसरं एखादं इंजिन एवढा विचार करत नसेल. माझा स्वभावच तसा.

मला घडवणाऱ्यांनी मला एका निळ्या गाडीत बसवलं. पहिल्या मालकाने दोन-तीन वर्षांत लग्न केलं आणि गाडी विकून मोकळा झाला. मग मी वेन्डल क्रूगरकडे आलो, तो आजतागायत. वेन्डल मक्याच्या कोठारांची यंत्रं दुरुस्त करायचा. आठवडाभर ग्रीसमध्ये हात, आणि रविवारी मला घेऊन शर्यतीच्या पट्ट्यावर. त्याची मुलगी जोलीन माझ्याच आवाजात झोपायला शिकली. आता ती शाळेची बस चालवते.

पट्टा पाव मैलाचा, सरळ, दोन्ही बाजूंना मका. तिथला नियम आधी सांगायला हवा. गाडीचं वजन आणि इंजिनाचा छापील आकडा पाहून शर्यतींची संघटना गाडीला गट ठरवून देते. तुम्ही आकड्याच्या मानाने फारच जोरात धावलात, तर संघटना आकडा वाढवते. तोही तुमच्या एकट्याचा नाही. त्या जातीचं इंजिन ज्याच्या ज्याच्या गाडीत असेल, त्या सगळ्यांचा. मग सगळ्यांनाच गाडीत जास्त वजन घालून पळावं लागतं.

म्हणून या लोकांनी एक कसब कमावलंय. सुटताना पूर्ण जोर लावायचा, आणि शेवटची रेषा थोडी दूर असतानाच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. जिंकायचं, पण किती जोरात जिंकू शकलो असतो ते वेळेच्या फलकावर दिसू द्यायचं नाही.

वेन्डलची पाय उचलण्याची जागा ठरलेली होती. उजव्या हाताला एका बियाणे कंपनीची पाटी आहे. ती आली की माझा घसा आवळला जायचा. इतक्या वर्षांत त्या पाटीपुढचा पट्टा मी कधीच पूर्ण श्वासाने पळालो नाही. तिथे माझं काय झालं असतं, मला ठाऊक नाही. कधीकधी भलतीच भीती वाटते: दार उघडलं आणि आत कुणी नव्हतंच, तर?

जोलीनने एकदा उपाय काढला. "डॅड, एवढा जीव टांगणीला लावतोस कशाला? गॅरेजात यंत्रावर चढवू, मोजून घेऊ, विषय संपला."

एका गॅरेजने सांगितलं तीनशे बारा. दुसऱ्याने तीनशे एकाहत्तर.

"हे मोजमाप आहे की हवामानाचा अंदाज?" वेन्डल वैतागला. "इंजिन पट्ट्यावर कळतं, पोरी. रोलरवर चाकं फिरवून नव्हे."

मग गेल्या शरद ऋतूत डोळ्यांच्या डॉक्टरांनी वेन्डलला साफ सांगितलं, की हा मोसम शेवटचा. पुढच्या वर्षी परवाना मिळणार नाही. त्या दिवशी तो गॅरेजात आला, बॉनेट उघडलं आणि झाकणावर हात ठेवून उभा राहिला.

"शेवटच्या फेरीत पाय उचलणार नाही," तो जोलीनला म्हणाला. "एकदा तरी बघू दे मला, इतकी वर्षं कोणाबरोबर राहिलो ते."

"बघच," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी गाडी मलाच चालवायची आहे ना? वजन वाढलं तर माझं वाढेल. मी बघून घेईन."

ही गोष्ट हर्शेल पॉट्सच्या कानावर गेलीच. हर्शेल हा वेन्डलचा जुना दोस्त. त्याच्या पिवळ्या गाडीत माझ्याच जातीचं इंजिन. शेवटच्या फेरीआधी तो खिडकीशी वाकला.

"काय रे म्हाताऱ्या, आज म्हणे देव आठवलाय तुला?"

"सरक बाजूला. तुझं पोट आरशात येतंय."

"वेन्डल, चेष्टा बाजूला ठेव. या इंजिनाचे आम्ही पाच जण आहोत. तू आज मोकळा सुटशील, घरी जाऊन टीव्ही बघशील. ओझं आम्ही वाहायचं?"

वेन्डलने काच वर केली.

दिवा हिरवा झाला. असा सुटलो, असा सुटलो, की पुढची चाकं क्षणभर जमिनीला विसरली. वेन्डलचा पाय घट्ट होता. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. मका दोन्ही बाजूंना विरघळून गेला. आतल्या आत मी स्वतःला बजावत होतो, आता धीर सोडू नकोस, आता ती पाटी येईल आणि पहिल्यांदाच मागे पडेल.

पाटी आली. आणि पाय उचलला गेला.

मला वाटलं, काही मोडलं. काहीच मोडलं नव्हतं. उरलेला रस्ता आम्ही नेहमीसारखे, शहाण्यासारखे, घरंगळत पार केला. पट्ट्याच्या टोकाला गाडी थांबली, तरी वेन्डल स्टिअरिंग धरून बसून राहिला. जोलीन धापा टाकत आली.

"डॅड! सोडलंस का?"

"मी नाही सोडलं."

"मग कुणी?"

त्याने खाली बुटाकडे पाहिलं. "यानं. मी दाबच म्हणत होतो गं. यानं ऐकलंच नाही."

ती काही बोलणार, तेवढ्यात हर्शेल आला. हातात बशीएवढं तळलेलं डुकराच्या मांसाचं सँडविच, डोळ्यांत पाणी. त्याने दार उघडलं आणि वेन्डलला मिठीच मारली.

"मी तुला काय काय बोललो! देवमाणूस आहेस रे तू. शेवटची फेरी, आणि आमच्यासाठी सोडून दिलीस!"

वेन्डलने तोंड उघडलं. जोलीन बघत होती, मी बघत होतो. मग त्याने तोंड मिटलं आणि सँडविच घेतलं.

मी त्याला दोष देत नाही. पन्नास वर्षं मीसुद्धा एक लेबल डोक्यावर घेऊन हिंडलोय, आणि एकदाही ते उडवून लावलं नाही. माझा आकडा कमी लावला होता, त्याचा जास्त लागला, एवढाच फरक. हिवाळ्यातल्या वार्षिक जेवणात हर्शेलने सगळी कथा पुन्हा सांगितली, लोक उभे राहिले, वेन्डलला लाकडी सन्मानफलक मिळाला. तो त्याने गॅरेजात उलटा करून ठेवला आहे.

या वसंतात जोलीनची पहिली शर्यत होती. निघण्याआधी वेन्डल तिला म्हणाला, "तू उचलू नकोस हं. माझं सोड."

जोलीनने हेल्मेटचा पट्टा आवळला. "आता कशी नको उचलू, डॅड? सगळे तुला संत समजतात. मी दाबलं तर म्हणतील, बापाने केलेलं पोरीने धुळीला मिळवलं. हर्शेल तर रडेलच."

"मग खरं सांगून टाकतो सगळ्यांना."

"सांगशील?"

त्याने बाहीने समोरची काच पुसायला घेतली.

जोलीनचा पाय बापापेक्षा हलका आहे. रोज शाळेची मुलं नेणारा तो पाय. तिने तो इतका हळुवार, इतका बेमालूम उचलला, की मला आधी कळलंच नाही. वेन्डलच्या वेळी घसा आवळला की निदान दुखायचं तरी. कुंपणापाशी उभा राहून वेन्डल टाळ्या वाजवत होता. कुठे बघून वाजवत होता, कोण जाणे; त्याला आता तेवढ्या लांबचं दिसत नाही.

तर माझं हे असं आहे. झाकण धड आहे, आकडाही धड आहे. माझे पिस्टन बदलले, बेअरिंगं बदलली. चारशे पाहिलेला मी यातला कितीसा उरलोय, तेही सांगता येत नाही. माझा आकडा खरा करून मागण्याचं धैर्य माझ्यात नाही, आणि तो खरा केल्यावर काय निघेल याची खात्री तर त्याहून नाही.

पण तुम्ही कधी अशा एखाद्या पट्ट्यावर आलात, तर एवढं कराल का? सगळे शेवटच्या रेषेकडे बघत असतील. तुम्ही तिकडे बघू नका. डोळे मिटा आणि रेषेच्या थोडं अलीकडे आवाज जिथे बारीक होतो, तिथे कान द्या. मी जो काही असेन, तिथून पुढे आहे.