भर उन्हात पेटवलेला राब

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी टोचते. मला अंगावर घेतलंत तर पहिल्या रात्री खाजवून खाजवून बेजार व्हाल. दुसऱ्या रात्री मला शिव्या द्याल आणि तिसऱ्या रात्री माझ्याशिवाय तुम्हाला झोप येणार नाही. काळ्या लोकरीची जुनी घोंगडी आहे मी. माझं वय विचारू नका. माझ्या अंगाला चार भोकं आहेत आणि आज मी त्या भोकांचीच गोष्ट सांगणार आहे.

माझी लोकर पंधरा-वीस मेंढ्यांची. ती कातरली, पिंजली, तिचं सूत काढलं आणि मागावर मला विणलं. मग चिंचोक्याची खळ चोपडून उन्हात अशी ताणली, की मी पत्र्यासारखी कडक झाले. बेल्ह्याच्या बाजारात विणकर मला खांद्यावर टाकून उभा होता. तिथं जानकू बैल घ्यायला आला होता. दिवसभर त्यानं बैलांचे दात पाहिले, खूर पाहिले, पण एकही बैल त्याच्या मनास येईना. रिकाम्या हातानं घरी जायची लाज वाटली म्हणून गड्यानं मला उचललं. बैल मिळाला नाही म्हणून मी आले, हे मी अजून विसरलेले नाही!

जुन्नरच्या पश्चिमेला डोंगराच्या उतारावर दहा-बारा घरांची उंबरवाडी आहे. जानकूनं तिथं दोन उन्हाळे खपून स्वतःच्या हातानं घर बांधलं. खांब त्यानं रानातून खांद्यावर आणले, कारवीचे कूड शेणामातीनं लिंपले आणि वर गवताचं छप्पर शाकारलं. पावसाळ्यात मला दुमडून केलेली खोळ डोक्यावर घेऊन तो भात लावायचा. धो धो पाऊस पडायचा, पण त्याची पाठ कोरडी असायची. "ही हाय म्हणून म्या हाय," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि मी फुगून बसायचे.

पुढं त्याची बायको गेली. मग त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "भातं निघाली की ऑपरेशन करू," असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं. शेवटी त्याला ऊन आणि सावली एवढंच कळायला लागलं. मग तो पडवीत मला अंथरून बसायचा. मुलगा दादाभाऊ नारायणगावलाच राहून तिथल्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलायला लागला. त्याचं लग्न झालं आणि घरात रुपाली आली.

रुपाली नारायणगावात वाढलेली, तिचे आईबाप तिथं द्राक्षबागेत कामाला होते. पोरगी कामाला वाघीण होती, पण सासऱ्यासमोर तिचा आवाज म्हणून निघायचा नाही. डोक्यावरचा पदर सावरत "व्हय मामा, न्हाई मामा," एवढंच बोलायची. तिनं माहेराहून एक ब्लँकेट आणलं होतं. मऊ, गुलाबी, आणि त्याच्यावर हा एवढा मोठा वाघ! ते दिवसातून दोनदा झटकलं जायचं. मला मात्र कुणी झटकत नव्हतं. "मामा, ही लई वास मारती. कुत्र्याला टाकू का खाली?" असं रुपालीनं एकदा हळूच विचारलं. जानकू मला घट्ट धरून बसला. मी मात्र त्या वाघावर दात धरला.

आता त्या दिवसाचं सांगते. साल होतं अठ्ठ्याण्णव, महिना मे.

आमच्या डोंगरात भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. वाफ्यावर पालापाचोळा, शेण, झाडांच्या वाळक्या फांद्या पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. त्यानं तण मरतं आणि राखेवर रोप जोमानं येतं. पण राब पेटवायचा तो पहाटे, वारा निजलेला असताना. आधी भोवतालचं गवत काढायचं आणि चार माणसं हिरवे टहाळे घेऊन बांधावर उभी करायची. उंबरवाडीतलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल.

दादाभाऊलाही ते ठाऊक होतं. पण टोमॅटोचा हंगाम जोरात होता आणि मुकादमानं त्याला एकच दिवस सोडलं होतं. जुन्नरच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. दादाभाऊ घरी पोचला तेव्हा अकरा वाजले होते. सगळी वाडी शेजारच्या गावी लग्नाला गेलेली.

"आबा, राब पेटवून घेतो. संध्याकाळच्या जीपला मला माघारी जायाचंय."

"उन्हं चढल्यावर? याड लागलं का तुला? उद्या पाटं पेटव."

"उद्या मी हितं असनार का? रुपाली एकली काय करंल? म्या बगतो की. दहा मिंटाचं काम."

पोरगा कमावता झाला की बाप किती वेळा नाही म्हणणार? मी जानकूच्या मांडीखालीच होते. त्यानं माझी दशी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

राबाचा वाफा घराच्या खाली होता. वाफा आणि घर यांच्यामध्ये गुडघाभर वाळलेलं गवत आणि त्या गवतातून आडवी गेलेली पायवाट. दादाभाऊनं काडी ओढली. राब पेटला, छान पेटला. आणि मग दुपारचा वारा सुटला.

एक जळतं पान उडालं आणि बांधापलीकडच्या गवतात पडलं. दादाभाऊ टहाळा घेऊन धावला आणि त्यानं ते विझवलं. तोवर दुसरीकडं पेटलं. तिकडं धावला, तर तिसरीकडं. बघता बघता गवत तडतडायला लागलं. आगीची एक लांब ओळ झाली आणि ती डोंगर चढायला लागली. दादाभाऊ आगीच्या खाली राहिला, घर आगीच्या वर. त्याला वर येता येईना.

"रुपालीऽऽ! आबांला भाईर काढ!" एवढीच त्याची हाक ऐकू आली.

रुपाली चुलीपाशी भाकरी थापत होती. ती पडवीत धावत आली, तिनं खाली पाहिलं आणि जानकूचा हात धरला. "मामा, उठा! वणवा आलाय! चला वर!"

"वर कुठं?" जानकू म्हणाला. "आग बी वरच येनार. तिला पाय हायेत, मला डोळं न्हाईत. धोंड्यागोट्यांत तू मला वढत नेनार, आन ती दोघांला गाठनार. कुठवर आलीया?"

"खालच्या आंब्यापातूर."

"मंजी वाटंच्या खालीच हाय अजून. घरात पानी किती?"

"दोन हंडं. छपरावर वतते!"

"छपरावर वतू नगं. छप्पर पिऊन टाकंल, आन कळायचं बी न्हाई." जानकू उठला. त्यानं मला जमिनीवरून ओढलं आणि तिच्या अंगावर फेकलं. "हिच्यावर वत."

मित्रांनो, मे महिन्यात आमच्याकडं दोन हंडे पाणी म्हणजे पाऊण तासाची पायपीट. रुपालीनं ते सगळं माझ्यावर ओतलं. मी घटाघटा प्याले. मणाचं वजन झालं माझं. जानकूनं चाचपडत माझी खोळ करून दिली, पावसात घेतात तशी, आणि रुपालीनं ती डोक्यावर घेतली. पहिल्यांदाच तिनं मला अंगावर घेतलं होतं. टोचले असणारच, पण ती चकार शब्द बोलली नाही.

"आता चुलीतलं कोलीत घे. वाटंवर जा आन वाटंच्या खालच्या अंगाचं गवत पेटव."

"मामा!" रुपाली ओरडली. सासऱ्यावर पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आग लागलीया आन तुमी आनखी लावा म्हंता?"

"व्हय! ती वर यायच्या आदी तिचं खानं आपुनच जाळायचं. वाटंच्या वर ठिनगी आली की घोंगडीनं हान. पन म्या सांगंन तवाच पेटव. आदी न्हाई, मागनं न्हाई. समजलं का?"

रुपालीनं कोलीत उचललं आणि आम्ही दोघी वाटेवर गेलो. बाई गं, काय ती धग! माझ्या अंगातून वाफा निघायला लागल्या. वर पडवीच्या खांबाला धरून जानकू उभा होता. डोळे मिटलेले आणि गाल वाऱ्याकडं केलेला. ज्याला समोरचं ताट दिसत नव्हतं, त्याच्या एका शब्दावर आम्ही उभ्या होतो.

"लावू का?" रुपालीनं ओरडून विचारलं.

"थांब!"

आग पन्नास पावलांवर आली. ठिणग्या आमच्या डोक्यावरून जायला लागल्या. एक ठिणगी पडवीतल्या दोरीवर टाकलेल्या ब्लँकेटवर पडली. चुर्र झालं, वाघ आक्रसला आणि त्याचा काळा गोळा होऊन खाली गळला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. दुसऱ्याच क्षणी लाज वाटली. तिथून छप्पर हातभरही लांब नव्हतं. जानकूनं आवाजाच्या रोखानं पाय पुढं टाकला आणि अनवाणी पायानं तो गोळा अंगणात लोटला.

"मामा, लावू का? लई जवळ आली वो!"

"थांब म्हनतो ना! वारा पडू दे!"

आग तीस पावलांवर आली. रुपाली रडत होती. मी तिच्या डोक्यावर होते, मला तिचे हुंदके कळत होते. कोलीत टाकून ती पळाली असती तर तिला कोण दोष देणार होतं? पण ती हलली नाही.

आणि वारा पडला. एकदम पडला.

"लाव! पळत लाव!"

रुपाली वाटेवरून वाकून धावत सुटली आणि गवताला कोलीत लावत गेली. पहिल्यांदा ती आग आमच्याकडंच झेपावली. मला वाटलं, संपलं सगळं, म्हाताऱ्याचा अंदाज चुकला. रुपालीनं मला डोक्यावरून काढलं आणि दोन्ही हातांनी हाणायला लागली. सप्प! सप्प! वाटेच्या वर जिथं पेटेल तिथं मी. लोकर करपते पण भडकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. चार ठिकाणी मी जळाले. दुखलं का? दुखलं. पण त्या वेळी बोंबलायला सवड कुणाला होती?

मग खालच्या मोठ्या आगीनं आमच्या आगीला आपल्याकडं ओढून घेतलं. दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या, माडाएवढा जाळ उठला, आणि खायला काही उरलं नाही म्हणून दोन्ही बसल्या. वाटेच्या खाली सगळं काळं ठिक्कर पडलं. वाटेच्या वर जानकूचं घर उभं होतं.

रुपाली मला घेऊन मटकन खाली बसली. जानकू पडवीतून विचारत होता, "पोरी, हाईस ना? बोल की! बोल काहीतरी!"

"हाय मामा," ती म्हणाली. मग दोघंही रडले, मोकळेपणानं.

गोष्ट इथं संपली असती तर मला आवडलं असतं. पण त्या मोठ्या जाळातली एक ठिणगी कोरड्या ओढ्यापलीकडं कुशाबाईच्या परड्यात गेली होती. भाताच्या पेंढ्याची तिची गंजी उभीच्या उभी पेटली. कुशाबाई एकटी बाई, तिचा संसार दोन म्हशींवर चालायचा. म्हशी रानात होत्या म्हणून वाचल्या, पण त्यांचा पावसाळ्याचा चारा तासाभरात राख झाला.

धूर पाहून वाडीची माणसं लग्नातून धावत आली. कुशाबाई हातात अक्षता तशाच धरून आली होती. गंजीच्या जागी राख पाहून तिनं सगळ्यांकडं नजर फिरवली. "कोनी पेटवलं हे? भर उनात कोनी काडी लावली?"

तेव्हा जानकू माझी ओली दशी धरून पुढं आला. "म्या सांगितलं पेटव म्हणून. म्या म्हातारा चुकलो. मला काय बोलायचं ते बोल, कुशे."

आंधळ्या म्हाताऱ्याला कोण बोलणार? प्रकरण तिथंच मिटलं असतं. रुपालीनं मान खाली घातली. आणि दादाभाऊ, तोंड काजळलेला, हाताला फोड आलेले, गर्दीतून पुढं आला.

"न्हाई, मावशी. आबा नगो म्हनत व्हते. म्या ऐकलं न्हाई. मला जीप गाठायची व्हती."

कुशाबाई म्हणाली, "खरं बोललास, दादाभाऊ. पन माज्या म्हशींला म्या काय खरं खायला घालू?"

दादाभाऊ वळला, आपल्या घरामागं गेला आणि आपल्या गंजीतला पेंढा उपसायला लागला. एक भारा डोक्यावर घेऊन तो ओढा ओलांडून गेला. परत आला, दुसरा भारा उचलला. फोड फुटले तरी थांबला नाही. पाचव्या भाऱ्याला रुपालीनं पदर खोचला आणि ती त्याच्यामागं निघाली. संध्याकाळची जीप वरच्या रस्त्यानं हॉर्न वाजवत गेली, त्यानं मान वर करून पाहिलंही नाही. अंधार पडेपर्यंत अर्धी गंजी ओढ्यापलीकडं गेली होती.

पुढच्या वर्षी दादाभाऊ तीन दिवस आधी आला. पहाटे त्यानं वाफ्याभोवतीचं गवत साफ काढलं, हातात काडीपेटी घेतली आणि नुसता उभा राहिला. त्यानं काडी बाहेर काढली आणि परत पेटीत ठेवली, मी रुपालीच्या खांद्यावरून पाहिलं. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं पाचोळा तुडवत कोणीतरी आलं. खांद्यावर हिरवा टहाळा घेतलेली कुशाबाई होती ती. बांधावर पाय रोवून ती म्हणाली, "लाव आता. म्या हाय."

मित्रांनो, मला धुवा, जपा, रफू करा, असं मागणं मी मागणार नाही. मी टोचते, मला कोण जपणार? मागणं एवढंच आहे. रानात काडी ओढायची वेळ आली तर आधी शेजाऱ्याला हाक मारा. त्याला यायला उशीर झाला तरी थांबा. जीप उद्याही मिळते.