साठाच्या रस्त्यावर गोगलगाय

घड्याळजींनी आयुष्यात कशाचीच घाई केली नव्हती. म्हणून उतारवयात घेतलेली विजेची चारचाकी ताशी तीसच्या वर जात नाही, याचं त्यांना काही वाटलं नाही. गल्लीने तिला गोगलगाय म्हटलं, तेही त्यांनी हसून चालवून घेतलं. बायकोला पक्षाघाताचा झटका येऊन तिची वाचा गेली होती आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा दवाखाना हमरस्त्यावर होता. टॅक्सीवाले चाकाची खुर्ची पाहिली की दिसेनासे व्हायचे. तेव्हा आठवड्यातून तीनदा तिला नेऊन आणायचं, एवढ्यासाठीच ही गाडी.

दुसऱ्याच आठवड्यात हवालदाराने आडवा हात घातला. पन्नासच्या वर मर्यादा असलेल्या रस्त्यावर मंदगती वाहनाला बंदी, हा राज्याचा नियम. आणि हमरस्त्याची मर्यादा साठ. झालं, गोगलगाय दारात उभी राहिली.

"खंड पडला तर शिकलेलं विसरतील," असं बाईंनी बजावलं होतं. तीन खेपा चुकल्या. नुकतीच "पाणी" म्हणायला लागलेली बायको पुन्हा तांब्याकडे बोट दाखवू लागली. ते बोट पाहून घड्याळजी तडक नगरपालिकेत गेले.

"मर्यादा आम्हीच ठरवतो, पण मनाने नाही, शास्त्राने," रस्ते विभागाचे साहेब म्हणाले. "मंगळवारी दहा ते अकरा रस्त्यावर वेग मोजायची रबरी नळी टाकतोय. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतील, ती मर्यादा."

"म्हणजे लोक जोरात चालवतात म्हणून मर्यादा जास्त?"

"बरोबर समजलात."

"आणि मर्यादा जास्त म्हणून लोक जोरात चालवतात, त्याचं काय?"

"ते पोलिसांकडे येतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

घड्याळजी तिथून निघाले ते थेट मेहुण्याकडे. मेहुण्याची गाडी शिकवायची शाळा होती. घड्याळजी सरळमार्गी माणूस, मनातला बेत सांगताना शरमेने कानकोंडे झाले.

"भाऊजी, मान कशाला खाली घालताय? ताईसाठी एवढंही करू नको?" मेहुणा म्हणाला. "माझी पोरं वीसच्या वर गेली तर मीच ब्रेक दाबतो. टाकू दे त्यांना नळी."

मंगळवारी दहाच्या ठोक्याला शिकाऊंच्या नऊ गाड्या हमरस्त्यावर उतरल्या. जाताना पाच, येताना चार, मध्ये दर शंभर पावलांवर कुणाची तरी गाडी बंद. मागे अख्खं गाव हॉर्न वाजवत, दात-ओठ खात खोळंबलं. नळीने मात्र हॉर्न मोजले नाहीत. नागरिकांची ही शिस्त पाहून साहेबांना भरून आलं. अहवालात वीस हा आकडा आला आणि सभेने एकमताने वीसची पाटी लावली. ज्यांनी त्या दिवशी तासभर शिव्या घातल्या होत्या, त्यांतल्याच दोन नगरसेवकांनी बाकं बडवली.

गोगलगाय पुन्हा सुरू झाली. बायकोचं "पाणी" परत आलं, मग "चहा", मग "नको". महिनाभर एकेक शब्द यायचा, वाक्य काही जुळत नव्हतं. एकदा निघायला उशीर झाला, बाईंची वेळ चुकेल म्हणून घड्याळजींनी पाय जरा दाबला आणि त्याच हवालदाराने शिट्टी मारली.

"तीस! वीसच्या रस्त्यावर तीस! या वयात भरधाव?"

ज्या गाडीला हळू म्हणून अडवलं होतं, तिच्यावर आता वेगाची पावती फाटली. घड्याळजी जन्मात पहिल्यांदा भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून त्यांची बाही ओढली गेली.

"अहो," बायको म्हणाली. ओठ थरथरत होते, पण ती थांबली नाही. "जरा... हळू... चालवा."

घड्याळजींच्या डोळ्यांना धार लागली. पुढचं काही दिसेना, म्हणून त्यांनी गाडी तिथेच बंद केली.

"ओ आजोबा, रडताय काय? पुढे घ्या," हवालदार खेकसला. "इथे थांबायलाही बंदी आहे."