सगळ्या एका रांगेत

लग्न लागून वरात चर्चमधून निघाली आणि पावसानं गाठलंच. आमच्या मारामुरेश भागात लग्नाला पाऊस ठरलेलाच. पण ओतिलियाचा फ्लॅश भिजला आणि बंद पडला. ओतिलिया माझी बायको, गावातली एकमेव फोटोग्राफर. मी तिचा बिनपगारी हमाल.

दोन्ही घरांचा एकत्र फोटो गवत साठवायच्या छपरीत काढायचं ठरलं. छपरी एका बाजूनं उघडी, पण आत अंधारच. पुढे कोण बसणार यावरून विहिणींची जुंपली. शेवटी नवरीची आई फिरुत्सा पुढच्या बाकावर बसली आणि नवऱ्याची आई पारास्किवा फणकाऱ्यानं मागे उभ्या असलेल्या गवताच्या गाडीवर चढली.

ओतिलियानं आधी तिची नवी लांबलचक लेन्स लावली. फोटोत सगळी माणसं भुतासारखी दुहेरी आली.

"एवढी मोठी दुर्बीण, आणि हे काय?" फिरुत्सा म्हणाली.

"ही लांबचं जवळ आणते, मावशी. पण हिचं भोक लहान, उजेड कमी घेते. मग फोटोला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तुम्ही हलता."

"आम्ही कुठं हलतोय?" नवरीचा तोआदेरमामा डुलत म्हणाला. दुपारपासून त्याची होरिंका, म्हणजे आमची आलुबुखाऱ्याची दारू, चालूच होती.

मग तिनं जुनी बुटकी लेन्स लावली. ती भोक चांगलं मोठं उघडते. फोटो झटक्यात निघाला. फिरुत्साच्या पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या. पारास्किवाच्या जागी मात्र नुसता पांढरा धूर.

"मला मुद्दाम पुसलंस!" पारास्किवा गाडीवरून ओरडली.

"नाही हो काकू! भोक मोठं केलं की उजेड भरपूर येतो, पण एकाच अंतरावरचं नीट दिसतं. पुढचं-मागचं पुसट होतं."

"मग लहान कर की!"

"केलं तर हा मामा पुतळ्यासारखा उभा राहील?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामानं खांब धरला.

ओतिलियानं बाकापासून गाडीपर्यंतचं अंतर पाहिलं. मग तिनं टाळी वाजवली. "बाकं हटवा, गाडीही! मागच्या भिंतीला लागून सगळे एका रांगेत. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही."

विहिणींना भांडायला काही उरलंच नव्हतं. नवरा-नवरी मधे, एकेक विहीण दोन्ही अंगाला.

आता रांग मावेना. त्या लेन्समध्ये जवळून निम्मीच माणसं बसत. ओतिलिया मागे सरकत सरकत छपरीबाहेर भर पावसात, आलुबुखाऱ्याच्या झाडांत पोचली. मी तिच्यावर छत्री धरून उलटा चालत होतो. अजून मागे, म्हणाली. मी मागे गेलो आणि चिखलात सपशेल बसलो. छत्री कुंपणापलीकडे.

समोरची सगळी रांग खदखदून हसली, आणि तिनं तेवढ्यात बटण दाबलं.

फोटो स्वच्छ आला. पारास्किवानं तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून स्वतःला शोधलं, मग विहीणबाईंना, आणि दोघी कितीतरी वेळ एकमेकींच्या उघड्या तोंडांवर हसत राहिल्या. "आमच्याकडे रविवारी या," पारास्किवा म्हणाली. फिरुत्सानं तिच्या हातात सारमाल्यांची, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याची, बशी दिली.

मला कुणीतरी तोआदेरमामाची पँट आणून दिली. ती दोन वीत आखूड होती. तरी नाचलो.