मानाची नावं

"पंखा बंद," कल्पेश म्हणाला, आणि मे महिन्याच्या भर दुपारी पनवेल कोळीवाड्यातल्या त्या पत्र्याच्या खोलीतला पंखा बंद झाला. दार लागलं, खिडकीत गोधडी कोंबली गेली. बनियन अंगाला चिकटलं होतं, पण इलाज नव्हता. हेडफोनचा तो बोटभर माईक भलता तिखट कानाचा. पंख्याची घरघर तर सोडाच, शेजारणीने भांडं आपटलं तरी ते गाण्यात जाऊन बसायचं.

बहिणीची, प्रांजलची हळद चार दिवसांवर आली होती, आणि हळदीला वाजणारा, गाण्याला गाणं जोडलेला तासाभराचा मिक्स कल्पेश घरच्या कॉम्प्युटरवर तयार करत होता. साल दोन हजार आठ. तेव्हा हळदीच्या मिक्समध्ये पाहुण्यांची नावं घालायची नवी टूम निघाली होती. गाणं रंगात आलं की ताल मध्येच थांबायचा, घुमणाऱ्या आवाजात नाव यायचं, आणि ज्याचं नाव तो गडी हात वर करून मांडवाच्या मधोमध नाचायला उतरायचा. नाव राहिलं तर वर्षभराचा रुसवा ठरलेला. पूर्वी पानसुपारीवरून रुसायचे, आता स्पीकरवरून रुसू लागले, एवढाच काय तो फरक.

म्हणून समोर यादी होती, एक्केचाळीस नावांची. आईने, सोनाबाईने सांगितलेली आणि चुलतभाऊ भगवानने लिहून घेतलेली. कल्पेशने एकेक नाव घशातून खर्ज काढून म्हटलं, त्याला घुमारा दिला, मग गाणी लावून एका दमात मिक्स रेकॉर्डिंगला धरला. एका दमातच धरावा लागायचा. पन्नासाव्या मिनिटाला कॉम्प्युटर अडकला की पुन्हा श्रीगणेशा. आता फोनवर बोट फिरवलं की हे सगळं होतं. आज कल्पेशचं खांदेश्वरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथली पोरं हे ऐकून हसतात. तोही हसतो, पण त्या घामेजल्या दुपारी आठवल्या की त्याला फार बरं वाटतं. परत मिळाल्या तर तो एसी बंद करून जाईल.

त्या दुपारी दाराबाहेर उन्हात बुधाजीमामा बसले होते. आईचे थोरले भाऊ, राहायला बेलपाड्याला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामावर वीस वर्षं वॉचमन. कल्पेशचे वडील गेले तेव्हा तो सातवीत होता; तेव्हापासून या घराचा भार मामांनी बिनबोभाट उचलला. हा कॉम्प्युटरही त्यांनीच आणलेला. शेठने ऑफिसात नवे घेतले तेव्हा जुना त्यांनी भाच्यासाठी मागून घेतला आणि सहाआसनी रिक्षात पोर धरावं तसा मॉनिटर मांडीवर धरून आणला. आता ते दारात पहारा देत होते. खेळणाऱ्या पोरांना पिटाळत होते, मासळीवालीला तोंडावर बोट ठेवून पुढे धाडत होते.

दार उघडलं तेव्हा मामांचा सदरा पाठीवर ओलाचिंब झाला होता.

"झाली सगल्यांची नावा?" त्यांनी विचारलं.

"झाली मामा. एक पन नाय सोडला."

मामा खूश झाले. पाणीसुद्धा न पिता ड्युटीवर निघून गेले.

हळदीच्या संध्याकाळी मिक्स असा वाजला की लोकांनी कोळीवाडा डोक्यावर घेतला. नाव आलं की शिट्टी, नाव आलं की आरोळी. प्रांजलचे होणारे दीर नाचले, गावचे पंच नाचले, गुडघे धरून बसणारा तुळशीरामकाकासुद्धा नाचला. कल्पेश छाती काढून फिरत होता. लोक पाठीवर थाप मारून म्हणत होते, पोराने नाव काढलं.

बुधाजीमामा स्पीकरच्या अगदी समोर खुर्ची टाकून बसले होते. दाढी घोटलेली, केसांना तेल, खिशात नवा रुमाल. दर गाण्याला ते खुर्चीच्या काठावर सरकायचे आणि दुसऱ्याचं नाव आलं की मागे टेकून टाळ्या वाजवायचे. एक्केचाळीस नावं संपली, शेवटचं गाणं संपलं. तेव्हा कुठे मामा उठून कल्पेशजवळ आले.

"माजा नाव कवा आला रं?" त्यांनी हळूच विचारलं. आवाजात राग नव्हता. आपल्याच ऐकण्यात चूक झाली असावी, असं ते विचारत होते.

यादी त्याला पाठ होती. मामांचं नाव तीत नव्हतंच. आपल्या माहेरचं माणूस आपणच काय सांगायचं, मामाचा मान पोरगा घेईलच, असं म्हणून आईने सोडलं होतं. आणि यादी आईची आहे, म्हणजे तिचा भाऊ पहिला असणारच, असं धरून कल्पेशने शोधलंही नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खरं सांगून पाय धरायचे की नाही? पण आजूबाजूला माणसं होती, पाठीवरची थाप अजून गरम होती, आणि तोंडातून खोटं निघून गेलं.

"आला ना मामा. पयलाच होता. तुमी पंगतीत होतात तवा."

मामांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "हां. पंगतीतच होतो मी."

ते गेले आणि आई ताट घेऊन आली. "हा दादाला नेऊन दे," ती म्हणाली. "सांजपासून त्या खुर्चीवरून हलला नाय. पंगतीला बोलावला तर म्हणे, नंतर."

कल्पेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट त्याने मामांपुढे ठेवलं आणि पाणी आणायचं निमित्त करून वळला. मामा जेवले. मासळी झकास झाली म्हणाले.

लग्न पार पडल्यावर कल्पेशने पुन्हा पंखा बंद केला. यावेळी दारात राखण करायला कुणी नव्हतं. दोनदा कॉम्प्युटर अडकला, एकदा लाईट गेली, चौथ्या दिवशी मिक्स पुरा झाला. सीडी घेऊन तो बेलपाड्याला गेला. खरं सांगायचंच, असं ठरवून गेला होता.

तो येणार कळताच मामांनी शेजारीपाजारी बोलावून ठेवले होते. भाच्याने प्रांजलच्या हळदीची सीडी आणली म्हणून ओटीवर दहाबारा माणसं जमली. सीडी लागली. ढोल थांबला आणि आवाज घुमला: मानाचे मामा, बुधाजी पाटील, बेलपाडा.

सगळे मामांकडे बघू लागले. मामांचा चेहरा उजळला होता, खोटं कशाला सांगा.

"हलदीला पन असाच पयला वाजला," ते म्हणाले. "मी पंगतीत होतो, म्हनून नाचायचा राहिला."

शेजारचा बाळू चेष्टेखोर. तो कल्पेशकडे वळला. "काय रे, खरा का? का मामा आपला फेकतय?"

कल्पेशने खरं सांगायला तोंड उघडलं. त्याच्याआधी मामाच बोलले.

"त्याला काय इचारतोस?" ते म्हणाले. "तिथं मी होतो."

आणि त्यांनी सीडीचा आवाज थोडा वाढवला.