बाहीचं प्रकरण

नवऱ्याने एखादी वस्तू दुरुस्तीला घेतली की ती गेलीच, असं शिवणबाई धरून चालायच्या. मिक्सर गेला, इस्त्री गेली, न्हाणीघरातला नळ तर दोनदा गेला. पण हा गृहस्थ थकतो कुठला! उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर घरात लिफ्ट नाही, म्हणून हाताला लागेल ते उघडून बसायचं.

या वेळी पाळी आली लॅपटॉपची. त्याची जुनी सिस्टीम कंपनीने वाऱ्यावर सोडलेली, आणि सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की तोवर उशीचा अभ्रा शिवून व्हावा. कुणीतरी लिफ्टवाल्यांच्या कानात भरवलं की दुसरी सिस्टीम टाका, फुकट मिळते, लॅपटॉप पळायला लागेल. फुकट म्हटल्यावर स्वारी लगेच बाह्या सरसावून तयार.

त्या लॅपटॉपमध्ये शिवणबाईंचं पुस्तक होतं. गिऱ्हाइकं सांभाळत, चार वर्षं एका बोटाने टाईप केलेलं कटिंगचं पुस्तक. शिकायला येणाऱ्या बायका हटकून बाहीपाशी अडायच्या, म्हणून बाहीचं प्रकरण बाईंनी किती वेळा खोडून लिहिलं होतं, त्याला गणती नाही. प्रकाशक वाट बघत होता. एक प्रत मला पाठवून ठेव, असं परगावची मुलगी सांगून थकली. पण पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, हा बाईंचा हट्ट.

आधी सगळं पेनड्राइव्हवर काढून घ्या, हे मात्र त्यांनी नवऱ्याला दहादा बजावलं. आणि खोटं कशाला बोला, त्याने ते काढूनही घेतलं, त्यांच्या डोळ्यांदेखत. बाई निर्धास्त होऊन मशीनवर बसल्या.

नवी सिस्टीम टाकायची तर ती आधी पेनड्राइव्हवर चढवावी लागते. घरात पेनड्राइव्ह एकच. तो लावल्यावर पडद्यावर लाल चौकट आली, की यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? आता एवढं लाल दिसल्यावर कुणीही वाचेल की नाही? पण लिफ्टवाल्यांची रीतच वेगळी. अडकलेली लिफ्ट सारखी कोकलत असते, म्हणून आधी घंटा बंद करायची, मग बिघाड शोधायचा. यांनी सवयीने घंटा बंद केली. लॅपटॉप पुसताना तशीच चौकट आली, तीही बंद केली. वर सिस्टीम मनासारखी बसली नाही म्हणून पुन्हा एकदा टाकली!

पुस्तक कुठेच सापडेना, तेव्हा दुकान गाठलं. दुरुस्तीच्या दुकानदाराने लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह दोन्ही ठेवून घेतले आणि परत देताना नुसती मान हलवली. थोडे फोटो निघाले होते. पुस्तक निघालं नाही.

शिवणबाई आधी रडल्या. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला आणि मिक्सरपासून सगळा संसार बाहेर निघाला. लिफ्टवाले खाली मान घालून ऐकत होते. शेवटी न राहवून, लॅपटॉप सुरू मात्र झटकन होतो, असं ते पुटपुटले. बाईंनी कपाळाला हात लावला.

"बसा तिथे," त्या म्हणाल्या. "मी सांगते, तुम्ही टाईप करा. अख्खं पुस्तक."

ते निमूट बसले. मापं घेण्याचं प्रकरण भराभर झालं. रोज शिकवतात, बाईंना ते पाठच होतं. मग बाही आली. बाही खांद्याला कशी बसवायची, एवढं त्यांनी सांगायला घेतलं आणि त्या मध्येच थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. चिडून उठल्या, चिंधी घेतली, कात्री चालवली, बाही कापून टाचली. एक सुरकुती नाही.

लिफ्टवाल्यांची बोटं अजून बटणांवरच होती. "पुढे काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं.

बाई हातातल्या बाहीकडे बघत होत्या. "हाताला येतंय हो," त्या म्हणाल्या, "शब्द गेले."