रविवारची गोळी

अडतीस वर्षं गणित शिकवलेल्या कुसुमताई दातारांना त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच उणे गुण मिळाले. धायरीतल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून त्या पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाडांची तपासणी झाली. रिपोर्टात हाडांच्या घनतेचा आकडा आला, उणे तीन पॉइंट एक.

"पाळी गेल्यावर हाडं झिजतात, काकू. तुमची जरा जास्तच झिजलीत," डॉक्टर वल्लरी म्हणाल्या आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी त्यांनी लिहून दिली.

यजमान यज्ञेश्वर यांनी गोळ्यांच्या खोक्यातला कागद भिंग लावून वाचला. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण बायकोसंबंधी काहीही त्यांनी इतकं मन लावून वाचलं नव्हतं.

"पोटदुखी, छातीत जळजळ, जबड्याचा त्रास... अगं, हे औषध आहे की धमकीचं पत्र? त्यापेक्षा दूध पी. आमची आई नव्वदीपर्यंत ताठ होती."

"शेवटची चार वर्षं अंथरुणात होत्या त्या."

"पण ताठ होती ना?"

तरी कुसुमताईंनी रविवारी सकाळी चहाबरोबर पहिली गोळी घेतली आणि पुन्हा जरा आडव्या झाल्या. दुपारपर्यंत छातीत आग. यज्ञेश्वरांचा चेहरा उजळला. गोळ्या फ्रिजवर गेल्या आणि पुढचा दीड महिना घरात दूध, तीळ, नाचणी आणि सोसायटीच्या ग्रुपवरचं वैद्यक चाललं.

पुढच्या खेपेला दोघं गेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

"हो."

"कशी घेता?"

जन्मभर मुलांचं खोटं पकडलेल्या बाईंना स्वतः खोटं बोलायचा सराव नव्हता. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"चहाबरोबर? आणि वर आडव्या झालात? मग जळजळ होणारच. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास खाणं नाही, चहा नाही, आडवं व्हायचं नाही. मी सांगितलं होतं, आणि खोक्यातल्या कागदावरही असतं हे."

"कागद यांनी वाचलाय."

"ते बारीक अक्षरात होतं," यज्ञेश्वर म्हणाले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"पुढच्या वेळी पडलात तर मनगटावर निभावणार नाही, काकू. खुबा मोडेल."

सासूबाईंना कुशीवर वळवायचं काम चार वर्षं कुसुमताईंनीच केलं होतं. आपल्याला कोण वळवणार, याचं उत्तर शेजारच्या खुर्चीत बसून एकादश्या मोजत होतं.

पुढच्या रविवारी सहाला उठून त्यांनी पेलाभर पाण्याबरोबर गोळी गिळली.

"चहा?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

"अर्धा तास नाही."

"तू पिऊ नकोस. करायला काय हरकत आहे? कागदात तसं काही लिहिलेलं नाही."

"नाही ना? मग आता लिहून घ्या."

घरात राहिलं तर हात ओट्याकडे जाणारच, म्हणून चपला घालून त्या खाली उतरल्या. पार्किंगमध्ये बी विंगच्या शालनताई येरझाऱ्या घालत होत्या.

"फिरायला?"

"हो, फिरायलाच."

दोघी जोडीनं चालू लागल्या. दोघींनी तीनतीनदा घड्याळ पाहिलं. शेवटी शालनताईंनी आवाज खाली आणला. "तुमचीपण रविवारचीच का हो?"

कुसुमताई थांबल्या. "तुम्हीही?"

"दोन वर्षं झाली. सुनेला सांगितलेलं नाही. म्हणेल, म्हाताऱ्या झाल्या."

"शालनताई, तुम्ही बहात्तर वर्षांच्या आहात."

"म्हणून काय मुद्दाम कळवायचं?"

दोघी इतक्या हसल्या, की वॉचमन खुर्चीतून उठून बघायला आला. कुसुमताईंच्या छातीत त्या दिवशी काहीही जळलं नाही. कितीतरी दिवसांनी पाय टाकताना त्या जमिनीकडे बघत नव्हत्या.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आवाज आला, "अगं, साखर कुठं असते?"

"शोधा!" कुसुमताई खालूनच ओरडल्या. "माझी अजून अकरा मिनिटं आहेत."

आणि शालनताईंचा हात धरून त्यांनी पुढची फेरी सुरू केली.