दुपारचा बर्फ

मी थर्माकोलचा एक जुना खोका आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला सहसा कोणी पालथे करून पाहत नाही आणि माझीही तशीच इच्छा होती. पण आज मी तुम्हाला माझा तळ दाखवणार आहे. तो दाखवताना मला लाज वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म वाफेत झाला. मोहरीएवढे पांढरे दाणे साच्यात भरले, त्यांत गरम वाफ सोडली, दाणे टम्म फुगले आणि एकमेकांना चिकटून माझे अंग तयार झाले. जाड भिंती, घट्ट झाकण आणि वजन म्हणाल तर नसल्यासारखेच. वाफेत जन्मलो आणि जन्मभर थंडी सांभाळायचे काम नशिबी आले.

पहिल्याच प्रवासात माझ्या पोटात एक बोटभर उंचीची तपकिरी बाटली होती. तिच्यात पांढरी पूड होती. तिचे नाव ऑक्झॅलोॲसिटिक आम्ल. हे नाव घेताना जिभेला गाठ पडते, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला नुसते 'आम्ल' म्हणत. बाटली फ्रीझरमध्ये गेली आणि मी कचऱ्याच्या वाटेला लागलो. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या मदतनीस मामांनी माझ्या भिंतीवर टिचकी मारून पाहिली.

"ताई, हा टाकायचा नाही. भक्कम आहे. बर्फाला होईल."

ताई म्हणजे तिथल्या संशोधक. चष्मा कपाळावर ठेवून तोच सगळीकडे शोधणाऱ्या. त्या हसून म्हणाल्या, "ठेवा मामा. तुमचा नवा सहकारी."

त्या दिवसापासून मी खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. रोज सकाळी नऊ वाजता मामा मला खाली यंत्राकडे नेत, चुरा केलेला बर्फ गच्च भरत आणि दोन जिने चढून वर आणत. मग ताई त्या बाटलीतली चिमूटभर पूड काचेच्या नळीतल्या पाण्यात विरघळवत आणि ती नळी माझ्या कोपऱ्यात बर्फात खोचून ठेवत.

इतके लाड कशासाठी, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, तुमच्या-आमच्या म्हणण्यापेक्षा तुमच्याच शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक चाक अखंड फिरत असते. तुम्ही खाल्लेल्या घासातून ताकद निघते ती त्या चाकावर. अन्नाचे बारीक तुकडे दाराशी आले की हे आम्ल पुढे होते, तुकड्याला जोडून घेते आणि फेरी सुरू होते. फेरी संपते तेव्हा तेच आम्ल पुन्हा तयार होऊन दारात उभे राहते, पुढच्या तुकड्यासाठी. ते कमी पडले तर चाक अडखळते. पण पेशीबाहेर त्याच्यासारखे नाजूक कोणी नाही. पाण्यात विरघळून उबेत ठेवले की काही तासांत ते मोडते आणि त्याचे दुसरेच आम्ल होते. रंग बदलत नाही, वास येत नाही. नळीकडे बघून कोणालाही काही कळत नाही.

"जावयाचे नखरे परवडले, पण या आम्लाचे नकोत," असे मामा म्हणायचे.

ताईंचा प्रश्न मोठा होता. दीर्घ आजारात माणसाचे खाणे सुटते, तेव्हा हे आम्ल अन्नाच्या तुकड्याला जोडून देणारे एन्झाइम थकते का? त्यासाठी त्यांच्याकडे उंदरांच्या स्नायूंचे नमुने होते, काही धडधाकट उंदरांचे आणि काही उपाशी राहिलेल्यांचे. नमुन्यातल्या एन्झाइमसमोर माझ्यातले आम्ल ठेवायचे आणि ते किती वेगाने संपते, ते प्रकाशाच्या यंत्रावर मोजायचे. आम्ल भराभर संपले तर एन्झाइम तरतरीत. रेंगाळले तर एन्झाइम सुस्त.

पाच वर्षे मी चोख काम केले. संध्याकाळी मामा झाकण उघडत तेव्हाही तळाशी बर्फ असे. "आमचा गडी अजून टुणटुणीत आहे," असे ते पाहुण्यांना सांगत आणि मी फुगत असे. कौतुकाची सवय वाईट, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

मग एका सकाळी जिन्यात मामांचा गुडघा लचकला. मी हातातून सुटलो आणि पायरीच्या कडेवर कोपऱ्याने आपटलो. माझ्या तळाला वीतभर चीर गेली. मामा तिथेच पायरीवर बसले. गेल्याच आठवड्यात त्यांच्या हातून काचेचे एक भांडे फुटले होते आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, सगळ्यांसमोर त्यांना झापले होते. निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, खिशातली चिकटपट्टी काढली आणि माझ्या तळाला लावली.

"झाकली मूठ, बाबा," ते मला म्हणाले. "तू बोलू नको, मी बोलत नाही."

मला तोंड नाही, मित्रांनो. पण खरे सांगतो, तोंड असते तरी मी बोललो नसतो. भक्कम खोका म्हणून मिळवलेले नाव मला जपायचे होते.

सुरुवातीला मामा रोज दुपारी नवा बर्फ आणून टाकत. आठवड्याभरातच गुडघा बोलू लागला आणि दुपारची खेप बंद झाली. चिरेतून पाणी ठिबकत राहिले, उबदार हवा आत येत राहिली. वरून पाहिले तर पांढराशुभ्र थर, खाली मात्र पोकळी, आणि त्या पोकळीत, नेमकी चिरेवर, आम्लाची नळी. दुपारी एक वाजला की ती कोमट होऊ लागे. तिच्यातले आम्ल मोडते आहे हे मला कळत होते आणि मी वरचा पांढरा थर मिरवत बसलो होतो.

एवढ्यावर भागले असते तर ठीक. पण ताई वहीच्या क्रमाने चालत. वहीत आधी धडधाकट, मग उपाशी. म्हणजे धडधाकट उंदरांचे सहा नमुने सकाळी, कडक थंड आम्लावर. उपाशी उंदरांचे सहा दुपारी, जेवणानंतर, माझ्या कोमट नळीवर. आम्लाची ताकद त्या रोज सकाळी तपासून घेत. दुपारी पुन्हा तपासायचे त्यांना कधी सुचले नाही, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

दुपारचे आकडे दर खेपेला कमी यायचे. ताईंचा चेहरा मात्र दर खेपेला उजळायचा. "बघा मामा, उपाशी एन्झाइम थकतंच!" असे चौदा महिने चालले. लेख तयार झाला. मोठ्या सरांनी तो वाचून मान डोलावली. जवळच्या रुग्णालयातले एक डॉक्टर तर त्या आकड्यांवरून आपल्या अशक्त रुग्णांवर एक औषध आजमावून पाहायला तयार झाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की माझ्या तळातून नुसते पाणी गळत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

लेख शुक्रवारी पाठवायचा होता. बुधवारी ताईंनी शेवटची एक फेरी करायचे ठरवले. फ्रीझर उघडला तर धडधाकट नमुन्यांचा कप्पा हिमाने चिकटून बसलेला. ओढून ओढून त्यांचे हात दुखले.

"राहू द्या," मामा म्हणाले. "सुटेल तोवर दुसरं उरका."

म्हणून त्या दिवशी उपाशी उंदरांचे नमुने सकाळी झाले आणि धडधाकट दुपारी.

सकाळचे आकडे ताईंनी दोनदा ताडून पाहिले. दुपारचे पाहून त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. मग त्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "उपाशी तरतरीत आणि धडधाकट सुस्त? असं कसं होईल?" त्यांनी वहीची मागची पाने उलटून पाहिली. मग त्यांची नजर घड्याळावर गेली आणि घड्याळावरून माझ्यावर.

त्यांनी माझ्या बर्फात हात घातला. वरचा थर फुटला आणि हात खाली पोकळीत गेला. नळी त्यांनी गालाला लावून पाहिली. मग मला रिकामे केले, पालथे केले, आणि माझ्या तळावरची काळपट चिकटपट्टी उजेडात आली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला वाटले.

"मामा, हे कधी फुटलं?"

मामांनी हातातला फडका खाली ठेवला. "चौदा महिने झाले, ताई."

"सांगितलं का नाही?"

"लाज वाटली हो. आणि मग रोज थोडी थोडी जास्तच वाटत गेली." ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुमचे आकडे यामुळे बिघडत असतील, हे मला कळलंच नाही. मला वाटलं, वरून बर्फ दिसतोय म्हणजे आत थंड आहे."

ताई ओरडल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि डोळ्यांवर तळवे दाबून धरले.

संध्याकाळी मोठे सर आले. त्यांनी आकडे चाळले. "एका दिवसाचा घोळ आहे. तो दिवस वगळा आणि लेख पाठवा. कोण विचारतंय?"

मित्रांनो, त्या वेळी ताईंनी मान हलवली असती तर माझी चीर कायमची झाकली गेली असती. मामांचीही. क्षणभर मला तेच हवेसे वाटले, आणि या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त लाज त्या क्षणाची वाटते.

"सर, घोळ चौदा महिन्यांचा आहे," ताई म्हणाल्या. "या एका दिवसामुळे तो दिसला. आणि चूक माझीसुद्धा आहे. सकाळ-दुपार आलटून पालटून करायला हवं होतं. दुपारचं आम्ल मी एकदाही तपासलं नाही."

"माझी आहे, सर," दारातून मामा म्हणाले. "आधी माझी."

लेख गेला नाही. ताईंनी रुग्णालयातल्या डॉक्टरांना स्वतः फोन करून थांबायला सांगितले. नवा खोका आला. नमुन्यांच्या चिठ्ठ्या टाकून, जी हाती येईल त्या क्रमाने, दर दोन तासांनी नवे आम्ल करून ताईंनी सगळे काम पहिल्यापासून केले. त्यात वर्ष गेले. शेवटी धडधाकट आणि उपाशी, दोघांचे आकडे सारखे निघाले. एन्झाइम थकलेच नव्हते. ताईंनी जुन्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले, 'हे आकडे वापरू नयेत', आणि खाली कारण म्हणून माझी हकिगत.

मला वाटले होते, आता तरी मला टाकतील. टाकले नाही. नवे विद्यार्थी आले की ताई मला फळीवरून काढतात, बर्फ भरतात आणि म्हणतात, "वरून बघू नका. हात तळापर्यंत घाला." दर वेळी कोणीतरी हसते. दर वेळी मी लाजतो. लाज सवयीची होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाल्यावर ते एकटेच माझ्याकडे आले. त्यांनी मला मांडीवर पालथे घेतले आणि नखाने चिकटपट्टीचे टोक उचलून ती हळूहळू सोलून काढली. तिच्याबरोबर माझे चार पांढरे दाणेही निघाले.

"झाकून तुझं आणि माझं भलं झालं नाही, गड्या," ते म्हणाले. "आता उघडा राहा."

तर मित्रांनो, वस्तू जपा, हे तर सगळेच सांगतात. मी एवढेच मागतो की तुमच्या हातून काही पडले, तडकले, तर त्याच दिवशी सांगा. पहिल्या दिवशीची लाज मुठीत मावते. आमची चौदा महिने वाढली आणि दुसऱ्याच कोणाच्या वहीत जाऊन बसली.